रविवारची रजा



जानेवारीचा तिसरा रविवार मुंबईत मॅरेथॉनचा रविवार म्हणून ओळखला जातो. आपल्या अनेक कुटुंबांतील तरुण मंडळी त्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपाशी जमतात, सुमारे सहा किलोमीटरच्या ‘ड्रीम रन’मध्ये हसतखेळत भाग घेतात आणि दुपारी घरी येऊन छायाचित्रे दाखवितात. आम्ही वडीलधारी माणसे ती पाहून ‘वा वा’ म्हणतो आणि पुन्हा हिशेबाच्या वहीकडे वळतो. माझेही अनेक वर्षे असेच चालले होते. या शर्यतीविषयी मी कधी लेख लिहीन, असे कुणी म्हटले असते तर मी हसलो असतो. परंतु दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडली आणि तिच्या निमित्ताने या शर्यतीचा इतिहास वाचण्याची बुद्धी झाली. म्हणून आधी ती चूक सांगतो.

ऐरोलीत आमचे किराणा मालाचे दुकान आहे. दुकानात माण तालुक्यातील एक मुलगा काम करतो. वय तेवीस-चोवीस. गोण्या उतरविणे, माल तोलणे, सायकलवरून घरपोच सामान देणे, लिफ्ट बंद असली तर पाच-पाच मजले चढणे हे त्याचे काम. बोलतो कमी. तो पहाटे उठून खाडीकडच्या रस्त्याने धावतो, एवढे मला ठाऊक होते. हिवाळ्यात त्या बाजूस रोहित पक्षी येतात, ते पाहायला आम्ही एकदा गेलो असताना तो धावत समोरून आला होता आणि ओशाळून हसला होता. तरुण वयात अंगात जोम असतो, याहून अधिक विचार मी त्याबद्दल केला नाही.

त्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस तो गल्ल्यापाशी येऊन उभा राहिला.

“शेठ, तिसऱ्या रविवारी रजा पाहिजे होती. मुंबईच्या मॅरेथॉनला नाव लागलंय माझं. पूर्ण बेचाळीस किलोमीटर.”

संक्रांतीचे दिवस, तीळ-गुळाची आणि लग्नसराईची गिऱ्हाईके, त्यात रविवार. मी वहीतून मान वर न करता म्हणालो, “अरे, रविवार म्हणजे आपला धंद्याचा दिवस. पळायचंच असेल तर सोमवारी पहाटे पळ. रस्ता काय कुठे जातोय?”

तो क्षणभर थांबला आणि “बरं शेठ,” म्हणून गोदामात गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

त्याच रविवारी माझा पुतण्या ‘ड्रीम रन’मध्ये सहभागी झाला होता. एका संस्थेच्या मदतीसाठी त्याने देणगी गोळा केली होती आणि सर्वांत मोठा धनादेश मी लिहिला होता. सकाळी दहाच्या सुमारास कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप समूहावर त्याची छायाचित्रे आली. मी ती कौतुकाने दुकानात सर्वांना दाखविली, त्या मुलालाही. त्याने हात पुसून फोन घेतला, छायाचित्र मोठे करून पाहिले आणि एवढेच विचारले, “पेडर रोडला गेले होते का हे?” मी म्हणालो, “छे, इतक्या लांब कशाला!” त्याने फोन परत दिला आणि तो गुळाच्या ढेपा फोडायला बसला.

पुढे फेब्रुवारीत जुनी बिले काढताना खणाच्या तळाशी एक कागदी पट्टी सापडली. धावपटूंनी छातीवर लावावयाचा तो क्रमांक होता. त्यावर त्याचे नाव छापलेले होते आणि चार कोपऱ्यांसाठीच्या चार पिना तशाच पाकिटात होत्या. तो क्रमांक आणण्यासाठी तो काम संपवून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत गेला असणार आणि प्रवेशशुल्क त्याने माझ्याकडून मिळालेल्या पगारातूनच भरले असणार. मी ती पट्टी होती तशी ठेवून दिली. त्याला काही बोललो नाही. बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हतेही.

मात्र त्या दिवसापासून या शर्यतीविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ती आपल्यासारख्या व्यापारी माणसांना विशेष लागू आहे.

मॅरेथॉनची मूळ कथा आपण शाळेत ऐकलेली असते. इ. स. पूर्व ४९० मध्ये ग्रीस देशातील मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने पर्शियाच्या सैन्याचा पराभव केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावत गेला आणि वार्ता सांगताच कोसळून मरण पावला. कथा सुंदर आहे, परंतु त्या काळाला सर्वांत जवळचा इतिहासकार हेरोडोटस हा निराळीच हकीकत देतो. त्याच्या मते फिडिपिडीस नावाचा दूत युद्धापूर्वी मदत मागण्यासाठी अथेन्सहून स्पार्टाला, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर, धावत गेला होता. वार्ता सांगून प्राण सोडणाऱ्या दूताची कथा त्यानंतर काही शतकांनी लिहिली गेली. आपले प्राण देणारा माणूस लोकांना अधिक भावतो. काम करून मुकाट्याने परत येणारा फारसा लक्षात राहत नाही.

प्राचीन ऑलिंपिकमध्ये अशी लांब शर्यत नव्हतीच. १८९६ साली अथेन्समध्ये आधुनिक ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाच्या सूचनेवरून मॅरेथॉन ते अथेन्स ही सुमारे ४० किलोमीटरची शर्यत प्रथम घेण्यात आली. १० एप्रिल रोजी ती जिंकली स्पिरिडॉन लुईस या ग्रीक तरुणाने. हा तरुण अथेन्सजवळच्या मारूसी गावाचा. वडिलांबरोबर शहरात पाणी पोहोचविणे हा त्याचा व्यवसाय. विजयानंतर राजाने ‘काय हवे ते माग’ म्हटले, तेव्हा त्याने पाणी वाहण्यासाठी घोडा आणि गाडी मागितली, अशी आख्यायिका आहे. जगातील पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा विजेता हा घरपोच माल पोहोचविणारा माणूस होता, हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो.

याच घटनेला दुसरी एक बाजू आहे. लुईस ज्या संगमरवरी क्रीडांगणात धावत शिरला, त्या प्राचीन क्रीडांगणाचा जीर्णोद्धार करण्यासाठी ग्रीक सरकारपाशी पैसा नव्हता. तो खर्च जॉर्जिओस अवेरॉफ यांनी उचलला. हे गृहस्थ इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे स्थायिक झालेले ग्रीक व्यापारी. त्यांचा पुतळा आजही त्या क्रीडांगणाच्या दाराशी उभा आहे. म्हणजे या शर्यतीच्या पहिल्याच दिवशी दोन माणसे होती : एक पाणी वाहणारा आणि एक पेढीवाला.

शर्यतीचे अंतर पुढे काही वर्षे बदलत राहिले. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू होऊन क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनांसमोर संपावी, अशी योजना झाली आणि ते अंतर भरले ४२ किलोमीटर १९५ मीटर. हेच अंतर १९२१ मध्ये कायम करण्यात आले. आज जगभरातील लाखो माणसे ज्या शेवटच्या दोनशे मीटरांत रडकुंडीला येतात, ती अशा रीतीने राजाच्या सोयीने ठरली आहेत!

आता आपल्या मुलुखाकडे वळू. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धा झाल्या. अध्यक्षस्थानी होते सर दोराबजी टाटा, जमशेटजींचे ज्येष्ठ पुत्र आणि त्या काळातील देशातील अग्रगण्य उद्योगपती. तेथे धावणारी बहुतेक मुले शेतकऱ्यांची होती. साधी भाकरी खाणारी, अनवाणी धावणारी, परदेशातील प्रशिक्षणाचे नावही न ऐकलेली. अध्यक्षांनी पारितोषिके वाटावीत, चार शब्द बोलावेत आणि निघावे, एवढीच अपेक्षा असते. दोराबजींनी मात्र त्या मुलांच्या वेळा पाहिल्या आणि त्या युरोपातील धावपटूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या समारंभास मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड उपस्थित होते. ही मुले ऑलिंपिकला का जाऊ नयेत, असा विषय दोराबजींनी त्यांच्यापाशी काढला. पुढच्याच वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक होते. पाठपुरावा करून दोराबजींनी हिंदुस्थानचा लहानसा चमू तेथे पाठविला आणि खर्चाचाही मोठा भार स्वतः सोसला.

त्या चमूत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे लांब पल्ल्याचे धावपटू होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन होय. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी ती दोन तास बत्तीस मिनिटांत जिंकली. चौगुले यांनी ती दोन तास पन्नास मिनिटांत पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. वेगळ्या हवामानात, परक्या मुलुखात, जगातील निवडक धावपटूंमध्ये बेळगावच्या माणसाचा एकोणिसावा क्रमांक! आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक आहे? मला ठाऊक नव्हते. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या साऱ्या उभारणीच्या मुळाशी पुण्याच्या मैदानावरील ती अनवाणी मुले होती.

येथे मला स्वतःचीच लाज वाटली. दोराबजींजवळ माझ्यापेक्षा लक्षपट संपत्ती होती, म्हणून त्यांची आणि माझी तुलना नाही, अशी मनाची समजूत घालता आली असती. परंतु त्यांनी प्रथम जे दिले ते धन नव्हते. त्यांनी थांबून पाहिले. धनादेश तर मीही लिहिला होता, तोही त्याच शर्यतीच्या नावाने. न पाहिलेल्या संस्थेसाठी माझा हात सहज सैल झाला आणि रोज समोर वावरणाऱ्या मुलाच्या एका रविवारासाठी तो आखडला. देणगी दिल्याने आपली पावती वाढते. रजा दिल्याने आपले काम वाढते. त्यामुळे पहिली गोष्ट सोपी वाटते.

त्या वर्षी पर्युषण आले. संवत्सरीच्या दिवशी नेहमीप्रमाणे नातेवाइकांना दूरध्वनी केले, शेजाऱ्यांना हात जोडले, दुकानातील माणसांनाही एकत्र ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हटले. तो मुलगाही सर्वांबरोबर हात जोडून उभा होता. सगळ्यांना मिळून मागितलेल्या क्षमेत एकाची विशेष क्षमा हरवून जाते, हे त्या क्षणी मला कळले. मी त्याला बाजूस बोलाविले आणि खणातील ती पट्टी त्याच्या हातात दिली.

“हे मला फेब्रुवारीतच सापडलं होतं. तेव्हा मी चुकलो. या वर्षी नाव घातलंस का?”

तो म्हणाला, “नाही शेठ. रविवार असतो ना.”

नोंदणी अजून चालू होती. त्याच संध्याकाळी पुतण्याने त्याचा अर्ज भरला. पूर्ण मॅरेथॉनसाठी आधीच्या शर्यतीतील वेळेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते त्याच्यापाशी तयार होते. गावी गेला असताना त्याने साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात पूर्ण केली होती. शुल्क मी भरतो म्हटले, तर तो नको म्हणाला. “ते माझं मी भरतो शेठ. तुम्ही फक्त सुट्टी द्या.” त्याचे हे म्हणणे मी मान्य केले.

त्यानंतरचे चार महिने मी प्रथमच त्याच्या धावण्याकडे नीट पाहिले. रोज किती धावलास, असे विचारू लागलो. हळूहळू तो बोलू लागला. त्याने मला ‘भिंत’ म्हणजे काय ते समजावून सांगितले. शरीरात, म्हणजे स्नायूंमध्ये आणि यकृतात, साखरेचा साठा असतो, परंतु तो बेचाळीस किलोमीटरना पुरत नाही. सुरुवातीस जोशात वेग वाढविला, तर तिसाव्या किलोमीटरच्या आसपास साठा संपतो आणि पाय जागचे हलत नाहीत. “पहिल्या दहा किलोमीटरात सगळे पुढं जातात शेठ. जाऊ द्यायचं. आपलं भांडवल राखायचं.” पेढीवर चाळीस वर्षे बसून मी जे शिकलो, ते हा मुलगा रस्त्यावर शिकला होता. उधारीवर वाढविलेला व्यवहार आणि उधारीवर वाढविलेला वेग यांचा शेवट सारखाच होतो.

त्याच्या बोलण्यात वारंवार एक नाव येई, ललिता बाबर. माण तालुक्यातील मोही गावची ही शेतकऱ्याची मुलगी. २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली. नंतर ती तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अशी कामगिरी केली होती. त्यानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरील अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला. महिलांना तर ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावण्याची संधीच मुळी १९८४ मध्ये मिळाली. पावसाने कायम पाठ फिरविलेल्या माण तालुक्यात त्या मुलीच्या यशाने किती घरांतील मुलामुलींना पहाटे उठविले असेल, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. माझ्या दुकानातला हा मुलगा मात्र त्यांपैकी एक होता.

मुंबई मॅरेथॉनविषयीही थोडे सांगावयास हवे. ती प्रथम १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली आणि पुढील वर्षापासून जानेवारीत होऊ लागली. पहिल्या वर्षीचे विजेते दक्षिण आफ्रिकेचे हेंड्रिक रामाला. त्यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कची मॅरेथॉनही जिंकली. त्यापूर्वी महाराष्ट्रात लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय शर्यत म्हटली की १९८३ पासून होत असलेली पुण्याची मॅरेथॉन डोळ्यांसमोर येई. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला आणि २०१० पासून धावपटू त्यावरून धावू लागले. ज्या सेतूवर एरवी पायी जाण्यास मनाई आहे, तेथे वर्षातून एका पहाटे माणसांचे पाय वाजतात. करोनाच्या साथीमुळे २०२१ आणि २०२२ च्या जानेवारीत शर्यत झाली नाही. २०२३ मध्ये ती पुन्हा भरली, तेव्हा इथिओपियाच्या हायले लेमी यांनी दोन तास सात मिनिटे बत्तीस सेकंदांचा नवा विक्रम केला. ‘युनायटेड वे मुंबई’ या संस्थेच्या समन्वयाने शर्यतीच्या निमित्ताने दरवर्षी कोट्यवधी रुपयांचा निधी सामाजिक संस्थांसाठी उभा राहतो. आणि २०१८ पासून या शर्यतीच्या नावाआधी टाटांचे नाव आले आहे. पुण्याच्या मैदानावर दोराबजींनी ती अनवाणी मुले पाहिली, त्याला तेव्हा नव्याण्णव वर्षे झाली होती.

शर्यतीच्या रविवारी आम्ही दुकानाच्या बंद दारावर कागद लावला : ‘आज दुकान दुपारी एक वाजता उघडेल.’ रविवारी दुकान सकाळी बंद ठेवण्याची ही चोवीस वर्षांतील पहिलीच वेळ. रात्री अडीच वाजता आमच्या टेम्पोतून निघालो. पुढे चालक आणि तो मुलगा, मागच्या मोटारीत मी, पत्नी आणि पुतण्या. ऐरोलीच्या पुलावर खाडीचा गार वारा होता. मुलुंडला उतरून द्रुतगती मार्ग आणि पुढे पूर्व मुक्त मार्ग धरला. त्याला टर्मिनसजवळ सोडले, तेव्हा माणसांचा पूर लोटलेला होता. विशीतले तरुण होते, सत्तरीतल्या आजी होत्या, एका हाताने पांढरी काठी आणि दुसऱ्याने सोबत्याचा दोर धरलेला एक अंध धावपटू होता. पाच वाजता शर्यत सुटायची होती. त्याने वाकून नमस्कार केला. पत्नी म्हणाली, “सांभाळून रे बाळा. नाही जमलं तर थांब, पण जिवाला त्रास करून घेऊ नकोस.”

आम्ही जाऊन पेडर रोडच्या चढावर उभे राहिलो. गेल्या वर्षी त्याने पुतण्याचे छायाचित्र पाहून पेडर रोडविषयी का विचारले होते, ते तेथे उमगले. हा चढ धावपटूंना दोनदा चढावा लागतो. पहाटे तो जाणवत नाही. परतताना, पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास, अंगातील साठा संपलेला असताना तोच चढ डोंगर होतो. शर्यत खरी येथे होते. आणि मुंबईची माणसे नेमकी येथेच उभी राहतात. दोन्ही बाजूंच्या इमारतींतून कुटुंबेच्या कुटुंबे खाली उतरली होती. कुणी संत्र्याच्या फोडी, कुणी चिक्की, कुणी मीठ-साखरेचे पाणी घेऊन. एक वृद्ध गृहस्थ खुर्चीत बसून प्रत्येकाच्या छातीवरील नाव वाचून हाक मारीत होते : “शाबास! थोडंच राहिलं!” ज्याला हाक मारली तो पुढे जाई, पुन्हा कधी भेटण्याची शक्यता नसे, आणि तरीही ते पुढच्याला तितक्याच आस्थेने हाक मारीत.

सव्वाआठ वाजून गेले तरी आमचा मुलगा दिसेना. पत्नी म्हणाली, “अहो, आपल्या नजरेतून सुटला तर नसेल?” तेवढ्यात पुतण्या ओरडला. तो चढाच्या पायथ्याशी होता आणि धावत नव्हता. उजव्या पोटरीत गोळा आला होता, तो पाय ओढीत येत होता. मी संत्र्याची पिशवी घेऊन पुढे झालो. मला पाहून तो थांबला.

“शेठ, भिंत आली,” तो म्हणाला.

काय बोलावे, हे मला सुचले नाही. पत्नीने त्याला मीठ-साखरेचे पाणी पाजले. त्याने एकदा मागे सागराच्या दिशेने आणि एकदा वर चढाकडे पाहिले. “तुम्ही दुकान बंद ठेवून आलात,” तो हळूच म्हणाला.

“ते राहू दे,” मी म्हणालो. “दुकानासाठी पळू नकोस. तुला चालत जायचं तर चालत जा. इथून पुढं तुझं तू.”

तो चालतच चढ चढला. वर पोहोचल्यावर त्याने पुन्हा धावायला सुरुवात केली. आधी लंगडत, मग बऱ्यापैकी. वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे पाहत होतो. काही वेळाने वाहनांचा ताफा आला आणि त्यामागून मागाहून सुटलेले नामवंत परदेशी धावपटू गेले. ताशी सुमारे वीस किलोमीटर वेग. तोच चढ ते असे चढले, जणू तो तेथे नव्हताच. त्यांचे कौतुक वाटले, परंतु डोळ्यांसमोर पाय ओढीत चढणारा तो मुलगाच होता. या शर्यतीचे वैशिष्ट्य असे की पहिल्या माणसाला पारितोषिक मिळते, परंतु अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला एकच पदक मिळते. त्या पदकावर वेळ कोरलेली नसते.

त्याने चार तास अकरा मिनिटांत शर्यत पूर्ण केली. आझाद मैदानाजवळ भेटला तेव्हा गळ्यात पदक होते आणि तो पदपथावर बूट काढून बसला होता. गावी आईला फोन लावून तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “झालं गं, पुरं झालं.” त्या माउलीने बहुधा पदकाचे काही विचारले नसावे, कारण पुढे तो म्हणाला, “खाल्लं, खाल्लं. शेठच्या वहिनींनी दिलं.”

दुकान एक वाजता उघडले. काही नेहमीची गिऱ्हाईके दुसरीकडून सामान घेऊन गेली होती. त्या दिवशीचा गल्ला अर्ध्याच्या आत राहिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चांगले काम केले की धंदा आपोआप वाढतो, असे गोड सांगण्याची आपल्याला सवय आहे. तसे नेहमी होत नाही. त्या दिवशी नुकसान झाले आणि ते होऊ दिले, एवढेच खरे. सोमवारी तो कामावर आला, तेव्हा माळ्यावरून उतरताना शिडीवर पाय ठेवताच कण्हला. मी त्याला घरी पाठविले. तो जाईना. शेवटी गल्ल्याजवळ खुर्चीत बसविले आणि गोणी मी उचलली. माझीही कंबर धरली, त्यावर दुकानात बरेच हसू झाले.

वाचकहो, आपल्या पेढ्यांवर, दुकानांत, गोदामांत अशी किती माणसे असतील! कुणी धावत असेल, कुणी भजनात पखवाज वाजवीत असेल, कुणी रात्रशाळेच्या परीक्षेला बसत असेल. आपण त्यांना पगार देतो, दिवाळीला मिठाई देतो, अडीनडीला उचल देतो. ते द्यायलाच हवे. परंतु एखाद्या दिवशी ते गल्ल्यापाशी येऊन उभे राहतात आणि एक रविवार मागतात. त्या वेळी वहीतून मान वर करून त्यांच्याकडे पाहावे, इतकेच मला सांगावयाचे आहे. न मागणाऱ्यालाही एकदा विचारून पाहावे. काही जण एकदा नकार मिळाला की पुन्हा मागत नाहीत.

मुंबई मॅरेथॉनची नोंदणी साधारणपणे पावसाळ्यात सुरू होते. आमच्या दुकानातील दिनदर्शिकेवर पुढील जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मी आतापासूनच खूण करून ठेवली आहे. मुलगा म्हणतो, या खेपेस चार तासांच्या आत. मी त्याला विचारले, “आणि पेडर रोडचा चढ?” तो म्हणाला, “तो आहेच शेठ. तुम्ही संत्री घेऊन उभे राहा.”

जय जिनेंद्र.